बारात निघायच्या आधीचा खेळ

"सातही लेकरं माझ्याकडे द्या. साडेनऊला बारात निघेपर्यंत एकाचाही आवाज मांडवात ऐकू आला, तर माझं नाव बदलून टाका."

खुमेंद्र कटरेनं हे कामठ्याला, भैयाजी पटल्यांच्या मांडवात, तीस-चाळीस माणसांसमोर उभं राहून सांगितलं. हातात चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर अशी खात्री, की त्या दिवशी नवरदेवापेक्षा तोच जास्त उजळून निघाला होता.

तसं पाहिलं तर त्याला कोणी काही मागितलं नव्हतं. भैयाजींच्या मुलाचं, टिकेशचं लग्न होतं. नवरी तिरोड्याकडची, बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावातली. लग्न दुपारी साडेबाराचं आणि रस्ता चांगला दीड तासाचा. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि पाहुण्यांबरोबर आलेली लेकरं सकाळी सातपासून मोकाट सुटलेली. सात वर्षांच्या हिमांशूनं बँडवाल्यांच्या ढोलावर उभं राहून पाहिलं होतं. सहा वर्षांच्या दुर्गेश्वरीनं उरलेल्या हळदीत हात बुडवून नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर अकरा पंजे उमटवले होते. भैयाजींची बायको कुंतावहिनी वैतागून एवढंच म्हणाली होती, "कोनी तरी या पोट्ट्यांले घेऊन जा हो." खुमेंद्रनं ते ऐकलं आणि त्याला वाटलं, हे बोलावणं आपल्यालाच आहे.

खुमेंद्रचं घर भैयाजींच्या घराला लागूनच, मध्ये फक्त बाडीचं, म्हणजे परसाचं, कुंपण. गोंदियाच्या एका धानबियाण्याच्या कंपनीत तो सेल्समन होता. मागच्या हिवाळ्यात कंपनीनं सगळ्या कृषी केंद्रवाल्यांना नागपूरच्या एका हॉटेलात नेलं होतं. जेवणात गुलाबजाम जास्त झाले, दुपारच्या भाषणात अर्धी सभा घोरू लागली, तेव्हा कोट घातलेल्या एका मुलीनं सगळ्यांच्या हातात एकेक यादी दिली आणि सांगितलं, या वस्तू हॉटेलातून शोधून आणा. चाळीस वजनदार माणसं जिन्यावरून धावत सुटली. खुमेंद्रची टीम दुसरी आली. त्याला थर्मास मिळाला. तेव्हापासून त्याची पक्की समजूत झाली होती की माणसांना कामाला लावायची विद्या आपल्याला आलेली आहे, फक्त माणसं मिळत नाहीत. आज एकदम सात मिळाली.

त्याची बायको रविता मांडवाच्या मागं पुऱ्या लाटत बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "रिंकूची वेणी घालाले सांगितली तर तुमाले रबर सापडत नाही. सात पोट्टे कसे सांभाळता?"

"त्याची एक पद्धत असते," खुमेंद्र म्हणाला. "तू पुऱ्या लाट."

आणि सात लेकरांची रांग मागं घेऊन तो आपल्या घरी निघाला. रांगेत शेवटी त्याची स्वतःची मुलगी होती, साडेचार वर्षांची रिंकू. कुंतावहिनीनं जाणाऱ्या रांगेकडे पाहून हात जोडले.

खुमेंद्रनं लेकरांना घरापुढच्या छपरीत बसवलं. बियाण्याच्या एका मोठ्या पोस्टरच्या कोऱ्या बाजूवर मार्करनं सहा वस्तूंची यादी लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. एक, लाल रंगाची वस्तू. दोन, चमकणारी वस्तू. तीन, जोडीतली एकच वस्तू. चार, गोल वस्तू. पाच, आवाज करणारी वस्तू. सहा, घरातली सगळ्यात जुनी वस्तू. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी बाजूला चित्रंही काढली. चमकणारी वस्तू म्हणून काढलेला चमचा बेडकासारखा दिसत होता, पण लेकरांनी ते मनावर घेतलं नाही.

त्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं. लाल म्हणजे न्हाणीतला मग. चमकणारा म्हणजे चमचा. जोडीतला एक म्हणजे मोजा. गोल म्हणजे डब्याचं झाकण, आवाजासाठी रिंकूचा खुळखुळा. आणि सगळ्यात जुनं म्हणजे कपाटामागं अडकून राहिलेलं दहा-बारा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

"आता नियम ऐका," तो म्हणाला. "पहिला नियम, वस्तू घरातूनच आणायची. बाहेरचं काही चालणार नाही."

"घरातूनच ना, काकाजी?" दुर्गेश्वरीनं विचारलं. ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेई.

"घरातूनच. दुसरा नियम, गुपचूप आणायची. कोनाले दिसलं नाही पाहिजे. तिसरा नियम सगळ्यात मोठा आहे. कोनी विचारलं तरी सांगायचं नाही. मोठ्या माणसानं विचारलं, तरी नाही. जो सांगन तो बाद."

"तुमी विचारलं तरी?" हिमांशू म्हणाला.

खुमेंद्रला हा प्रश्न फार आवडला. नागपूरच्या हॉटेलात एवढं कोणाला सुचलं नव्हतं. "मी विचारलं तरी नाही," तो म्हणाला. "मी तुमची परीक्षा घेईन."

सगळ्या वस्तू मागच्या खोलीत, धानाच्या कोठीजवळ ठेवायच्या होत्या. जिंकणाऱ्याला चॉकलेटचं अख्खं पाकीट आणि धानाच्या लोंबीचं चित्र असलेली कंपनीची टोपी मिळणार होती. खुमेंद्रनं शिटी वाजवली आणि लेकरं मागच्या दारानं बाडीत पळाली.

एक साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. त्याच्या डोक्यात घर म्हणजे हे घर होतं. लेकरं मात्र भैयाजींकडे उतरलेली, त्यांच्या बॅगा तिथं, त्यांच्या आया तिथं. त्यांना घरातून आण म्हटलं, की ती कुंपणाच्या भोकातून थेट लग्नघरात जाणार.

पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं खुमेंद्रच्या आयुष्यातली फार सुखाची गेली. तो छपरीत खुर्ची टाकून बसला. मोबाईलवर यादीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'लहान मुलांना बिझी कसं ठेवायचं ते शिका.' मागच्या बाजूनं लेकरांच्या पळण्याचा, दबक्या हसण्याचा आवाज येत होता. एकदा काहीतरी जड वस्तू गडगडत आत आल्यासारखी वाटली. मध्येच दोनदा कोंबडाही आरवला.

"काय आणून राहिले रे?" त्यानं जागेवरूनच विचारलं.

आतून काहीच उत्तर आलं नाही. नियम पाळला जात होता. खुमेंद्र समाधानानं हसला.

थोड्या वेळानं हिमांशू दारातून डोकावला. "काकाजी, सहावी वस्तू चालत आली तर चालते का?"

"चालते," खुमेंद्र मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. "कशीही आली तरी चालते."

पावणेनऊच्या सुमारास लग्नघरातून कुंतावहिनीचा आवाज आला. ती ओरडली नाही, फक्त "अगं माय" एवढंच म्हणाली. पण ते अशा सुरात म्हणाली, की पुऱ्या तळणाऱ्या बाईनं झारा खाली ठेवला. खुमेंद्र लगेच पलीकडे गेला. लेकरांचा प्रश्न आपण सोडवला होता, आता मोठ्यांचाही सोडवू, असा त्याचा भाव होता.

नवरीला मांडवात नेसवायचा लाल शालू गायब झाला होता. रात्री सुटकेसमध्ये, सगळ्यात वर ठेवला होता. कुंतावहिनी सुटकेस चौथ्यांदा उपसत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून टिकेश बाहेर आला. अंगात शेरवानी, एका पायात मोजडी आणि दुसरा पाय उघडा. "आई, माझी दुसरी मोजडी दिसत नाही," तो म्हणाला, आणि आईचा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "आणि कट्यार पन दिसत नाही."

नवरदेवानं हातात धरायची ती कट्यार. तिला धार नव्हती, पण ती आजोबांच्या लग्नातली होती, आणि ती नसताना पटल्यांच्या घरातला मुलगा आजवर बोहल्यावर उभा राहिला नव्हता.

मग नवरदेवाच्या जीपचा ड्रायव्हर आला. तो गोंदियाचा, हिंदी बोलणारा. "भैया, स्टेपनी किसने ली? मैंने हवा देखने को नीचे उतारी थी. रास्ता खराब है, बिना स्टेपनी के मैं गाड़ी नहीं निकालूँगा."

मांडवात एकदम कालवा सुरू झाला. प्रत्येकजण प्रत्येकाला विचारू लागला. कोणी उशा उचलून पाहत होतं, कोणी उचललेल्याच उशा पुन्हा उचलत होतं. खुमेंद्रनं दोन्ही हात वर केले.

"शांत व्हा," तो म्हणाला. "असं शोधत नसतात. शोधाची पन एक पद्धत असते."

भैयाजी तसे कडक माणूस. दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांनी खुमेंद्रला गप्प बसवलं असतं. पण मुलाच्या लग्नाच्या सकाळी माणूस हरवलेला असतो. ते म्हणाले, "मंग पाह्य बाबू तूच."

खुमेंद्रनं वही मागवली. माणसांच्या चार टीमा पाडल्या. एक वरच्या माळ्यावर, एक गुरांच्या कोठ्यात, एक बाडीत, एक मांडवात. मग हरवलेल्या वस्तूंची यादी लिहिली. लाल शालू. चमकणारी कट्यार. जोडीतली एक मोजडी. गोल स्टेपनी. यादी वाचून दाखवताना त्याला ती कुठंतरी ओळखीची वाटली. पण सकाळपासून त्याचा एकच चहा झाला होता, त्यामुळे असं होत असेल, असं वाटून तो पुढं गेला.

लेकरांनाही विचारायला हवं, असं रवितानं सुचवलं. लेकरं कुंपणाजवळच उभी होती. खुमेंद्र त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"टिकेशदादाचं काही सामान पाहिलं का तुमी कोनी?"

सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं. हिमांशूनं दुर्गेश्वरीला कोपर मारलं. मग सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "नाही काकाजी."

"खरंच नाही?"

"खरंच नाही काकाजी." हिमांशूनं एक डोळा मिटला. खुमेंद्रला वाटलं, त्याच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

"पाहा, किती शिस्तीत आहेत," तो रविताला म्हणाला. "यांच्यावर तर शंकाच घेऊ नको."

आता लेकरं संशयातून सुटली म्हटल्यावर उरला कोण? खुमेंद्रनं विचार केला आणि त्याची नजर बँडवाल्यांवर गेली. आठ माणसं सकाळपासून आंब्याखाली बसलेली, जवळ मोठमोठ्या झोळ्या. तो त्यांच्या मास्तरजवळ गेला. मास्तरचं नाव टेकचंद, वय साठीच्या आसपास, क्लॅरिनेट वाजवायचा. खुमेंद्रनं अगदी गोड आवाजात विचारलं, "तेवढ्या झोळ्या उघडून दाखवल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांच्याच पाहून राहिलो आमी."

टेकचंदनं वर पाहिलं. "सगळ्यांच्या पाहून राहिले का तुमी? पाहुण्यांच्या बॅगा उघडल्या का?"

खुमेंद्र वहीची पानं उलटू लागला.

"आमी वाजवाले आलो बाबू, चोऱ्या कराले नाही," टेकचंद म्हणाला. त्यानं आवाज जरासुद्धा चढवला नाही. क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं, आणि बाकीच्यांना खूण केली. आठही माणसं आपापली वाद्यं आवरू लागली.

म्हणजे आता शालू नाही, कट्यार नाही, मोजडी एक, जीप हलायला तयार नाही, आणि बँड परत चाललेला. भैयाजींचे मेहुणे शालीकराम हे सगळं पाहत होते. ते हळूच म्हणाले, "मले वाटते, हे नवरीकडच्यांचं काम आहे. मस्करी करून राहिले असन. लग्नाच्या बैठकीतच त्यांचा एक पोट्टा फार हसून राहिला होता."

भैयाजींच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "मस्करी? शालूची मस्करी? थांबा, आताच त्यांच्या बापाले फोन लावतो आणि विचारतो, लग्न कराचं आहे का तमाशा कराचा आहे." त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. दुसरा खिसाही रिकामा. "माझा मोबाईल कुठं गेला?"

तो नव्हता, हे एका अर्थी बरंच झालं. तो फोन लागला असता, तर लग्न तिथंच मोडलं असतं. पण हे नंतर सुचलेलं शहाणपण. त्या वेळी खुमेंद्रनं फक्त वहीत पाचवी ओळ लिहिली, भैयाजीभाऊंचा मोबाईल.

आणि मग कुंतावहिनी ओसरीच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे पाहत म्हणाली, "आबाजी कुठं आहेत?"

चैतराम आबाजी म्हणजे भैयाजींचे वडील. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांनी अंधुक दिसे, काठी टेकत न्हाणीपर्यंत जात आणि परत येत, तेवढाच त्यांचा प्रवास. बारात निघताना नवरदेवाला पहिला टिळा त्यांच्याच हातून लागायचा होता. खाट रिकामी होती. काठीही नव्हती.

मांडवातला कालवा एका क्षणात थांबला. शालूचं कोणाला काही वाटेना. शालीकराम बाडीतल्या विहिरीकडे चालू लागले आणि त्यांच्या मागं चार-पाच जण गेले. विहिरीला कठडा होता, पण तो गुडघ्याएवढाच.

खुमेंद्र सगळ्यांच्या पुढं धावला. कठड्यावर ओणवा होऊन त्यानं आत पाहिलं. पाणी खोल गेलं होतं, शांत होतं, त्यात आभाळाचा तुकडा आणि त्याचं स्वतःचं डोकं दिसत होतं. लहानपणी आबाजी त्याला बैलगाडीत पुढं बसवून नागऱ्याच्या जत्रेला नेत, आणि परत येताना झोप लागली तर आपलं धोतर अर्धं सोडून त्याच्या अंगावर टाकत. ते त्याला अचानक आठवलं. वही हातातून खाली पडली.

"नाहीत इथं," तो म्हणाला.

तेव्हा रविता पिठाच्या हातानं पुढं आली. "भैयाजीभाऊंच्या मोबाईलवर कोनी फोन तर लावून पाहा. आबाजी कधी कधी त्यावर भजन ऐकतात. घेऊन गेले असन."

इतक्या वेळात हे कोणालाच सुचलं नव्हतं. खुमेंद्रनं नंबर लावला. भैयाजींच्या मोबाईलची रिंग म्हणजे कोंबड्याची बांग होती, शेतात लांबून ऐकू यावी म्हणून लावलेली.

कुठंतरी कोंबडा आरवला. पुन्हा आरवला.

सगळ्यांच्या माना कुंपणापलीकडे वळल्या.

"तो खरा कोंबडा आहे," खुमेंद्र म्हणाला. "आमच्या घरातून आवाज येऊन राहिला."

"आपल्याकडे कोंबडा कुठं आहे?" रविता म्हणाली.

खुमेंद्रनं फोन बंद केला. कोंबडा थांबला. पुन्हा लावला. कोंबडा आरवला. कुंपणाशी उभ्या असलेल्या सात लेकरांनी आपापली तोंडं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली होती.

त्या घटकेला खुमेंद्रला सगळं कळलं. लाल, चमकणारी, जोडीतली एक, गोल, आवाज करणारी. आणि सहावी. सहावी, जी चालत आली तर चालते का, असं त्याला विचारलं गेलं होतं आणि त्यानं चालते म्हटलं होतं. त्याला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण मागं चाळीस माणसं होती, त्यामुळे त्याला चालावं लागलं.

मागच्या खोलीचं दार ढकललं. धानाच्या कोठीजवळ जमिनीवर स्टेपनी आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर चैतराम आबाजी बसले होते. मांडीवर शालूची घडी, एका हातात मोजडी, दुसऱ्या हातात कट्यार. मोबाईल त्यांच्या टोपीत ठेवलेला होता. धोतराला टाचणीनं एक कागद लावला होता आणि त्यावर मार्करनं मोठ्ठा सहा काढला होता. समोर चॉकलेटचं पाकीट होतं, रिकामं.

"कोन आहे?" आबाजींनी डोळे बारीक करून विचारलं. "झाला का निकाल?"

भैयाजी दारातच खाली बसले. "बाबा, तुमी इथं काऊन येऊन बसले?"

"मले एका पोट्टीनं हात धरून आनलं," आबाजी म्हणाले. "म्हने आबाजी, तुमी सगळ्यात जुने आहात, तुमचा नंबर आहे. बसा म्हने, हलू नका. आता लेकरू एवढ्या मानानं बोलावते तर नाही कसं म्हनाचं? चार वर्सं झाली, मले कोनी कुठं नेलं नाही."

कुंतावहिनीनं पुढं होऊन शालू उचलला आणि डोळ्यांना लावला. शालू पुसायला की डोळे पुसायला, ते कळलं नाही.

दुर्गेश्वरी गर्दीतून वाट काढत खुमेंद्रजवळ आली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाली, "काकाजी, तुमी विचारलं तरी आमी सांगितलं नाही."

चाळीस माणसांनी खुमेंद्रकडे पाहिलं. त्याला वाटलं, कोठीचं झाकण उघडून आत धानात बसावं आणि पुढच्या पेरणीला बाहेर यावं.

भैयाजींनी उंबरठ्याला हात टेकला. मग उठले. "तू पहिले टेकचंदची माफी माग," ते म्हणाले. "मंग बारातीच्या बसच्या मागच्या शिटावर जाऊन बस. संध्याकाळपर्यंत कोनाले काही सांगू नको, कोनाले काही शिकवू नको."

खुमेंद्र आंब्याखाली गेला. बँडवाले चपला घालून निघायच्या बेतात होते. त्यानं आठही जणांसमोर हात जोडले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून जे खरं होतं तेच बोलला. "मास्तर, चोर माझ्या घरात होता. मीच त्याले यादी करून दिली होती."

टेकचंदनं आधी नीट ऐकून घेतलं. मग त्याला सगळा प्रकार कळला तेव्हा तो खाली बसला आणि पोट धरून हसू लागला. हसण्यातच त्यानं क्लॅरिनेटची पेटी उघडली. आबाजींनी टिकेशला टिळा लावला, धोतरावरचा सहा नंबर तसाच होता, आणि सव्वादहाला बारात निघाली.

बोदलकशाकडे पोचायला पाऊण तास उशीर झाला. भैयाजी रस्ताभर काय कारण सांगायचं याचा विचार करत होते. पण जीप थांबते न थांबते तोच नवरीचे वडील हात जोडून धावत आले. त्यांच्या मांडवातला जनरेटर सकाळी बंद पडला होता, स्वयंपाक मागं पडला होता, आणि त्यांनी भैयाजींना दोनदा फोन केला होता की जरा उशिरानं निघा, पण फोन कोणी उचलला नव्हता. भैयाजींनी मोठ्या मनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होते हो. लग्नाच्या घरी असं होतेच." लग्न छान लागलं. खुमेंद्र मागच्या शिटावरून उतरून जेवायला गेला, वाढप्यानं पुरी घेता का विचारलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो जरा सावरला. मागच्या खोलीत लेकरांनी आणखीही बरंच काही जमा करून ठेवलं होतं. एका आत्याचा चष्मा, कोणाच्या तरी जोडीतलं एक पैंजण, परात, लाल ब्लाउज, कुकरची शिटी. ज्याची त्याची वस्तू त्यानं घरोघर नेऊन दिली आणि प्रत्येक घरी पुन्हा सगळी गोष्ट ऐकून घेतली.

शेवटी एक वस्तू उरली. पूजेची पितळेची घंटी. हातात धरायची, मुठीवर छोटा नंदी, नंदीचं एक शिंग तुटलेलं. ही कोणाची, ते काही कळेना. कुंतावहिनी म्हणाली, आमची नाही. शालीकरामनं पाहिली, नाही म्हणाले. खुमेंद्रनं तीन दिवस अख्ख्या गल्लीत घंटी वाजवत विचारलं. लोक दारात येत, घंटीकडे पाहत, मग त्याच्याकडे पाहत आणि हसत. रिंकू त्या दिवसांत आईबरोबर लग्नघरीच होती. रविताही तिथंच मागच्या चुलीपाशी, कारण पाहुण्यांचा राबता संपला नव्हता. घरच्या देवापुढं खुमेंद्रच एक उदबत्ती लावून मोकळा होई.

चौथ्या दिवशी त्यानं ठरवलं, धनी सापडत नाही तर घंटी देवाची. सकाळी अंघोळ करून तो मारुतीच्या देवळात गेला आणि पुजारी खुशालभाऊंच्या हाती घंटी दिली. खुशालभाऊंना फार आनंद झाला. अलीकडे देवळाला कोणी काही देत नव्हतं. ते म्हणाले, "संध्याकाळी माइकवर तुझं नाव सांगतो. लोकांले कळलं पाहिजे."

खुमेंद्रलाही ते पटलं. चार दिवस गावात त्याचं नाव वेगळ्याच कारणानं गाजत होतं.

संध्याकाळी तो छपरीत खुर्ची टाकून बसला. रविता त्याच दिवशी दुपारी घरी आली होती. हातपाय धुऊन ती दिवा लावायला आत गेली. बाहेर देवळाचा माइक खरखरला.

"कामठा निवासी श्री खुमेंद्र कटरे यांच्याकडून मारुतीच्या चरणी पितळेची एक घंटी सप्रेम अर्पण."

कुंपणापलीकडून भैयाजींचा आवाज आला. "बरं केलंस बाबू."

चार दिवसांत ते पहिल्यांदा त्याच्याशी बोलले होते. खुमेंद्रची छाती भरून आली. रविताला हाक मारायला तो वळला, तर ती दारातच उभी होती. एका हातात पेटलेलं निरांजन, दुसरा हात रिकामा.

"ऐकलंस का?" तो म्हणाला.

"ऐकलं," रविता म्हणाली. "कोन्ती घंटी?"

"ती पोट्ट्यांनी आणलेली. उरलेली. नंदीवाली," तो म्हणाला. "एक शिंग तुटलेलं आहे तिचं. गल्लीत कोनाचीच नव्हती."

निरांजनाची वात वाऱ्यानं हलली, तिनं हाताचा आडोसा केला.

"ते शिंग रिंकूनं मागच्या दिवाळीत तोडलं," ती म्हणाली.

माइकवर खुशालभाऊंनी खुमेंद्र कटरेंचं नाव पुन्हा एकदा घेतलं, या वेळी जरा मोठ्यानं.